आकाशमार्गातील हादरे : काही रूढ समज

मुंबईहून नागपूरकडे किंवा बंगालमधील दुर्गापूरकडे नकाशावर सरळ रेषा ओढली, तर ती जालना जिल्ह्याच्या उत्तर भागावरून, भोकरदन-जाफराबादच्या आसमंतातून जाते. ज्या गावांवरून ही विमाने जातात, तेथील पुष्कळ कुटुंबांना चिकलठाण्याचा विमानतळ जवळ असल्यामुळे आता स्वतः विमानात बसण्याचा योग येऊ लागला आहे. आणि प्रवासाहून परतलेल्या माणसाच्या तोंडून, विमान मध्येच हवेच्या पोकळीत सापडले आणि हजारो फूट खाली कोसळले, अशी हकीकत हमखास ऐकू येते. भीती खरी असते, तिची सांगितलेली कारणे मात्र बहुधा चुकीची असतात, आणि त्यामुळे जेथे सावध राहावयाचे तेथे माणूस गाफील राहतो, ही गोष्ट मला चिंतेची वाटते.

वातावरणात अशी पोकळी कोठेही नसते. हवा सलगच असते. परंतु ती कोठे वर चढत असते, कोठे खाली उतरत असते, आणि विमान ताशी आठ-नऊशे किलोमीटरच्या वेगाने या प्रवाहांच्या सीमा ओलांडीत असल्यामुळे तो बदल प्रवाशाला एका क्षणाच्या धक्क्याच्या रूपाने जाणवतो. हजारो फुटांच्या पतनाची कथा कशी रूढ होते, याचे उदाहरण म्हणजे २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला जाणाऱ्या सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानाची घटना होय. म्यानमारवर ३७,००० फूट उंचीवर ते खळबळीत सापडले, एका वृद्ध प्रवाशाचा मृत्यू झाला, अनेक जखमी झाले, आणि विमान काही मिनिटांत सहा हजार फूट कोसळल्याचे वृत्त जगभर पसरले. प्राथमिक तपासात निष्पन्न झाले ते निराळेच : प्रत्यक्ष घसरण १७८ फुटांची, म्हणजे सुमारे ५४ मीटरची होती, आणि सहा हजार फुटांची उतरण ही वैमानिकांनी बँकॉककडे वळल्यावर, सुमारे सतरा मिनिटांनंतर, स्वतःच्या नियंत्रणाखाली केलेली होती.

मग एवढ्याशा घसरणीने माणूस दगावतो कसा? घात होतो तो वेगाच्या आकस्मिक बदलामुळे. त्या विमानात आसनावरचा भार अवघ्या ०.६ सेकंदात नेहमीच्या १.३५ पटीवरून उणे १.५ पटीवर गेला. उणे भार याचा अर्थ असा की, मोकळी सोडलेली वस्तू पडते त्याहूनही अधिक त्वरेने विमान खाली खेचले जाते, पट्टा न बांधलेला प्रवासी मागे, म्हणजे वर, राहतो आणि छतच त्याच्या मस्तकावर येऊन आदळते. पुढच्याच क्षणी विमान सावरते आणि तोच देह तितक्याच जोराने खाली फेकला जातो. १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला जाणारे स्पाइसजेटचे बोइंग ७३७ उतरणीला लागले असता असेच घडले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जाहीर केल्याप्रमाणे भार अधिक २.६४ पासून उणे १.३६ पटीपर्यंत हेलकावला, स्वयंचलित यंत्रणा दोन मिनिटे सुटली आणि वैमानिकांनी विमान हातांनी चालविले. ते सुखरूप उतरले. परंतु चौदा प्रवासी आणि तीन कर्मचारी जखमी झाले, आणि जखमींपैकी एकाचे त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निधन झाले.

पंख मोडतील ही धास्तीही याच आकड्यांवर तपासून पाहावी. प्रवासी विमानाची बांधणी अडीच पट भार गृहीत धरून करतात आणि त्यावर दीडपट, म्हणजे पावणेचार पट भारालाही ती मोडता कामा नये, असा दंडक आहे. बोइंग ७८७ चे पंख २०१० च्या चाचणीत सुमारे साडेसात मीटर वर वाकविले गेले आणि तरीही अभंग राहिले. तथापि हादऱ्यांनी विमान कधीच मोडले नाही असे म्हणणे हाही गैरसमजच ठरेल; ५ मार्च १९६६ रोजी फुजी पर्वताजवळ डोंगरी वाऱ्याच्या लाटेत ब्रिटिश कंपनीचे बोइंग ७०७ आकाशातच फुटले आणि १२४ जण मृत्यू पावले. अशी उदाहरणे अत्यंत विरळा आहेत एवढेच.

निरभ्र आकाश म्हणजे निर्विघ्न मार्ग, हा समज तर सुशिक्षितांतही आढळतो. ११ फेब्रुवारी २०१८ च्या गारपिटीत जालन्याच्या शेतकऱ्याने जे भोगले, त्याचे मूळ वादळी ढगातील, गारांना पुनःपुन्हा वर फेकणाऱ्या प्रचंड ऊर्ध्वगामी प्रवाहांत होते. असा ढग विमानाच्या उंचीच्याही वर जातो, परंतु त्यातील जलबिंदू रडारवर उमटत असल्यामुळे वैमानिक त्याला दुरून वळसा घालू शकतो. कोरड्या हवेतील खळबळ मात्र या रडारला दिसत नाही. पूर्णेच्या पुरात वेगवान धार संथ पाण्याला घासून जाते तेथे भोवरे उठतात, तद्वत अतिवेगवान झोतवाऱ्यांच्या काठी हवेत भोवरे उठतात. हिवाळ्यात उत्तर भारतावरून असा पश्चिमी झोत वाहतो, तर पावसाळ्यात द्वीपकल्पावरून पूर्वेकडचा. या दुसऱ्याचे शास्त्रीय विवेचन आपल्याच हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये केले. तेव्हा प्रत्येक हादऱ्याचा दोष वैमानिकाच्या माथी मारणे न्याय्य नव्हे.

पट्टा केवळ उड्डाण आणि उतरणे यांपुरताच, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. कारण अदृश्य खळबळ पूर्वसूचना देत नाही, आणि पट्टा बांधण्याची खूण करणारा दिवा विझलेला असतानाही बसल्याजागी पट्टा आवळलेला ठेवण्यास काही तोशीस पडत नाही. ज्यांना तसे बसून राहता येत नाही, ते कर्मचारी. अमेरिकेच्या विमान प्रशासनाच्या नोंदीनुसार २००९ ते २०२२ या काळात हादऱ्यांमुळे गंभीर जखमी झालेल्या १६३ जणांपैकी १२९ कर्मचारी होते. म्हणून चहाची गाडी अर्ध्यावर थांबवून परिचारिका आपल्या आसनावर जाऊन बसली, तर प्रवाशांनी त्यात हयगय पाहू नये. सिंगापूर एअरलाइन्सने तर त्या दुर्घटनेनंतर, पट्ट्याचा दिवा लागलेला असताना गरम पेयांप्रमाणेच जेवण देणेही बंद केले.