परतावा भलत्याच्या खात्यात गेला, बुडाले कोणाचे?

रायपूर नगर निगमच्या जोन कार्यालयातला बाबू कॉम्प्युटरचा पडदा तुमच्याकडे वळवतो आणि म्हणतो, "आपका रिफंड तो हो चुका है, मॅडम. तीन महीने पहले." पडद्यावर नाव तुमचं, पत्ता शंकर नगरचा, रक्कमही बरोबर. खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे मात्र तुमचे नाहीत.

हा प्रसंग नमुन्यादाखल रचलेला आहे, पण त्यात अशक्य असं काही नाही. समजा, बीटीआय मैदानाजवळच्या गल्लीत राहणाऱ्या एक निवृत्त बाई. मुलगा पुण्याहून रायपूर नगर निगमचा संपत्तिकर ऑनलाइन भरून टाकतो आणि त्याच आठवड्यात बाई सवयीप्रमाणे जोन कार्यालयात जाऊन चेक देऊन येतात. १८,४०० रुपये दोनदा गेले. मग वापसीचं आवेदन, पावत्यांच्या झेरॉक्स, कॅन्सल चेक. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जाते आणि वाटेत कुठंतरी तो कॅन्सल चेक बदलला जातो. किंवा बाईंच्या नावानं, खोट्या सहीचं दुसरंच आवेदन आधी पुढं सरकतं. पैसे निघतात. पोचतात तिसऱ्याकडे.

अशा वेळी घरातले, शेजारचे आणि काउंटरपलीकडचे जे सल्ले देतात, त्यातले निम्मे चुकीचे असतात. सगळ्यात चुकीचा सल्ला सगळ्यात आधी मिळतो.

"आता काय, पैसे तर गेले. चोर सापडला तर मिळतील."

या एका वाक्यात नुकसान निगमच्या खिशातून काढून बाईंच्या खिशात घातलं जातं, आणि बाई ते मुकाट्यानं मान्यही करतात. नीट पाहा. बाईंचे १८,४०० रुपये निगमकडे होते. निगम त्यांचा देणेकरी, बाई घेणेकरी. देणेकऱ्यानं भलत्याच माणसाला पैसे मोजले म्हणून घेणेकऱ्याचं येणं फिटत नाही. किराणा दुकानदाराची उधारी तुम्ही त्याचा भाऊ म्हणवणाऱ्या तोतयाला दिलीत, तर दुकानदार वहीतली रक्कम खोडेल का?

बँकांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं हे १९८७ साली स्वच्छ सांगून ठेवलं आहे. कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन हा तो खटला. कंपनीच्याच हिशेबनिसानं वरिष्ठांच्या खोट्या सह्या करून ४२ चेक वटवले होते. बँक म्हणाली, कंपनीनं पासबुक वेळेवर तपासलं नाही, दोष तिचाच. न्यायालयानं ते ऐकलं नाही. सही खोटी, तर पैसे देण्याचा हुकूमच नव्हता. हुकूम नसताना दिलेले पैसे बँकेनं आपल्या पदरचे दिले. तो निकाल बँक आणि खातेदार यांच्या नात्याबद्दलचा आहे, निगमला तो जसाच्या तसा चिकटवता येणार नाही. पण खोट्या सहीवर पैसे सोडणाऱ्यानं त्याची झळ सोसावी, हा विचार घेऊन कोणताही वकील निगमपुढे उभा राहू शकतो. जोडीला राज्यघटनेचं कलम २६५ आहे: कायद्याच्या आधाराशिवाय कर घेता येत नाही. दुसऱ्यांदा घेतलेल्या त्याच कराला कुठला आधार? तेव्हा परतावा म्हणजे निगमची मेहेरबानी, हा सूर आधी सोडून द्यायला हवा.

निगमचे पैसे बुडाले, असंही नाही. चुकून मिळालेले पैसे परत करायला घेणारा बांधील आहे, असं १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७२ सांगतं. ते वसूल करणं हे निगमचं काम.

यात एक फट आहे, ती झाकून ठेवणं बरं नाही. तुम्ही स्वतःच खाते क्रमांक चुकीचा लिहून दिला असेल, कोऱ्या आवेदनावर सही करून दलालाच्या हाती दिलं असेल किंवा ओटीपी सांगून बसला असाल, तर निगम म्हणेल की आम्ही तुमच्याच सांगण्यावरून पैसे पाठवले. मग बाजू लंगडी पडते. अमेरिकेतल्या आयकर खात्याची वागणूकही अशीच दुहेरी आहे. तोतयानं तुमच्या नावे परतावा उचलला तर फॉर्म १४०३९ भरून ओळख चोरीला गेल्याचं कळवा, चौकशी होते आणि हक्काचा परतावा मिळतो. पण विवरणात खात्याचा आकडा तुम्हीच चुकवला आणि त्या खातेदाराच्या बँकेनं पैसे परत करायला नकार दिला, तर खातं हात वर करतं. तुमचं तुम्ही बघा. तिकडे मुलं असलेल्या घरांत हा फरक माहीत असलेला बरा.

"नाव माझं होतं ना? मग दुसऱ्याच्या खात्यात जाईलच कसं?"

जातं. एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये पैसे जमा होतात ते फक्त खाते क्रमांक पाहून. रिझर्व्ह बँकेनं २०१० मध्येच तसं स्पष्ट केलं होतं. नावाचा रकाना भरायचा म्हणून भरायचा. पैसे पाठवण्याआधी समोरच्या खात्याचं खरं नाव दाखवणारी सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत सुरू करावी, असा आदेश त्यानंतर निघाला. सोय आली, पण ते नाव वाचून थांबायचं की नाही हे पाठवणाऱ्या बोटावर.

आता निगमचा भुगतान आदेश, म्हणजे पैसे सोडल्याचा कागद, जवळून बघू. त्यावर एक लांबलचक क्रमांक असतो, यूटीआर. एनईएफटीचा असेल तर १६ अक्षरी, आरटीजीएसचा असेल तर २२. त्याची पहिली चार अक्षरं सहसा पैसे पाठवणाऱ्या बँकेची. शेजारी आयएफएससी कोड, ११ अक्षरी, पाचव्या जागी नेहमी शून्य. त्याची पहिली चार अक्षरं म्हणजे पैसे जिथं पोचले ती बँक, शेवटची सहा म्हणजे शाखा. तुमचं खातं पंडरीच्या शाखेत आणि हा कोड दुसऱ्याच राज्यातल्या शाखेचा निघाला, तर तुमच्या तक्रारीचा अर्धा पुरावा निगमच्या स्वतःच्या कागदावर छापलेला आहे. बाकीचा अर्धा तुमच्या बँकेकडून आणायचा: त्या महिन्याचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट, आणि 'या ग्राहकाची आमच्याकडे एवढीच खाती आहेत' असं पत्र. पत्र द्यायला बँक कुरकुरेल, लेखी मागा.

"आपल्या बँकेत जा, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, दहा दिवसांत पैसे परत."

२०१७ च्या त्या नियमाचं नाव बरोबर, जागा चुकीची. तो नियम तुमच्या खात्यातून तुमच्या परवानगीशिवाय पैसे गेले तर लागू होतो. इथं तुमच्या खात्याला कोणी हातही लावला नाही. पैसे निघाले निगमच्या खात्यातून. तुमच्या बँकेचा व्यवस्थापक खांदे उडवेल, आणि ते चूक नाही.

"१९३० वर फोन केला, म्हणजे केस झाली."

१९३० हा आपत्कालीन नंबर आहे. २०२१ मध्ये ही यंत्रणा सुरू झाली तेव्हा नंबर १५५२६० होता, नंतर बदलला. तिचं काम एकच: पैसे एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून एटीएमवर पळण्याआधी अडवून धरणं. तीन महिन्यांपूर्वी गेलेल्या पैशांचा माग तिथं लागेलच असं नाही, तरी नोंद करा. पावती क्रमांक पुढे उपयोगी पडतो. गुन्हा मात्र ठाण्यात नोंदवावा लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचा वाद न घालता तक्रार घ्यायची आहे आणि एफआयआरची प्रत फुकट द्यायची आहे. "ये निगम का मामला है, उनको भेजिए" असं ठाण्यात ऐकायला मिळालं, तर त्यात थोडं तथ्यही आहे: फसवलं गेलं ते निगमला. म्हणूनच निगमनं स्वतः फिर्याद द्यावी, अशी लेखी मागणी तुमच्या अर्जात असायला हवी. तुमच्या सहीचा आणि नावाचा गैरवापर झाला, ही तुमची तक्रार वेगळी.

पैसे ज्या खात्यात गेले, त्याचा मालक बहुधा सूत्रधार नसतो. काही हजारांसाठी पासबुक आणि सिम भाड्यानं दिलेला एखादा पोरगा असतो. रायपूर पोलिसांनी २०२५ मध्ये 'ऑपरेशन सायबर शील्ड' या नावानं अशाच भाड्याच्या खात्यांच्या मालकांना पकडलं. "मैंने तो सिर्फ खाता दिया था" हा बचाव तिथं चालला नाही.

"चौकशी चालू आहे, ती संपेपर्यंत फाइल हलणार नाही."

मला सगळ्यात चीड या उत्तराची येते, कारण ते नियमासारखं वाजतं. गुन्हा कोणी केला हा एक प्रश्न, आणि बाईंचे पैसे देणं आहे का हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळायला दहा वर्षं लागतील. दुसऱ्याचं उत्तर दोन पावत्या आणि एका बँक स्टेटमेंटमध्ये आहे, आणि वाचायला दहा मिनिटं पुरतात.

मुंबईच्या आयकर खात्यातलं प्रकरण आठवा. एका वरिष्ठ कर सहायकावर आरोप आहे की त्यानं वरिष्ठांचे लॉगिन आणि आरएसए टोकन वापरून नोव्हेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२० या काळात टीडीएसचे १२ बनावट परतावे मंजूर केले. एकूण २६३.९५ कोटी रुपये. सीबीआय आली, ईडी आली, लोणावळा-खंडाळ्याकडच्या जमिनींपासून महागड्या गाड्यांपर्यंत जप्त्या झाल्या. त्या परताव्यांना खरा हक्कदार कोणी नव्हता. हवेतून बनवलेली देणी होती ती. त्यामुळे तिथं चोर पकडणं आणि जप्ती हाच पैसा परत आणायचा मार्ग. शंकर नगरच्या बाईंचं तसं नाही. त्यांचं देणं खरं आहे, त्याची निगमचीच पावती आहे. ही दोन्ही प्रकरणं एकाच गाठोड्यात बांधून "जाँच चल रही है" म्हणणं ही टोलवाटोलवी.

तरी टोलवलंच, तर माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपये, तीस दिवस. "मेरा पैसा कहाँ गया" असं विचारायचं नाही; कागद मागायचे: माझ्या आवेदनाची प्रत, त्यासोबत लागलेल्या कॅन्सल चेकची प्रत, नोटशीट, भुगतान आदेश, यूटीआर. तिसऱ्याचं पूर्ण नाव-खातं खासगी माहिती म्हणून झाकून देतील. झाकू द्या. तो चेक तुमचा नाही एवढं दिसलं की पुरे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, तेही त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे.

"ग्राहक मंचात खेचू!"

नाही. कर भरणारा ग्राहक नसतो. दिवाणी दावा किंवा बिलासपूरच्या उच्च न्यायालयात कलम २२६ खाली याचिका, हे दोन रस्ते. दाव्याची सर्वसाधारण मुदत तीन वर्षं. फसवणुकीमुळे गोष्ट दडून राहिली असेल तर ती कळल्या दिवसापासून मोजतात. निगमवर दावा करण्याआधी नोटीस द्यावी लागते, म्हणून वकिलाकडे शेवटच्या महिन्यात धावू नका. १८,४०० साठी कोणी बिलासपूर गाठणार नाही, हे निगमलाही ठाऊक असतं. पण नोटिशीला उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तराखाली कुणालातरी सही करावी लागते.

"मेसेज आलाय, रिफंड मंजूर. लिंकवर खातं टाकायचंय."

२०२३ मध्ये १५,४९० रुपयांचा आयकर परतावा मंजूर झाल्याचा मेसेज देशभर फिरला होता. पीआयबीनं तो खोटा असल्याचं जाहीर केलं. स्थानिक कराच्या बाबतीत तर संशय आणखी लवकर यायला हवा, कारण आपल्याकडच्या महापालिका जादा कर शक्यतो रोख परत करतच नाहीत, पुढच्या बिलात वळता करतात. पुण्यात घरपट्टीतल्या ४० टक्के सवलतीच्या घोळात जादा भरलेल्यांनी २०२३ मध्ये पीटी-३ अर्ज भरले, आणि त्यांची रक्कम पुढच्या बिलांमधून कापली गेली. पुण्याच्या मुलानं आईला हे आधी सांगितलं असतं, तर वापसीऐवजी समायोजन मागता आलं असतं. समायोजनात कॅन्सल चेक लागत नाही, म्हणजे बदलायलाही काही उरत नाही.

राहिला निगमकडे द्यायचा अर्ज. तो हिंदीतच द्यायचा, आणि आपण मराठी माणसं तिथं हमखास एक चूक करतो. पहिल्याच ओळीत लिहितो, "मेरे साथ धोखाधड़ी हुई है." झालं, बाबूनं फाइल पोलिसांकडे ढकलली. पहिली ओळ अशी हवी: "मुझे वापसी की राशि आज दिनांक तक प्राप्त नहीं हुई है." दुसरी: "जिस खाते में भुगतान दर्शाया गया है, वह मेरा नहीं है." तिसऱ्या ओळीत रक्कम मागा. तोतयाचा विषय चौथ्या ओळीत.

एक प्रत जोन कार्यालयाला, एक व्हाइट हाउसला, म्हणजे निगमच्या मुख्यालयात आयुक्तांच्या नावे, आणि तिसरी स्वतःकडे. तिसरीवर आवक शाखेचा शिक्का, क्रमांक, तारीख. तारीख पुसट उठली तर पुन्हा मारून मागा. सरकारी शाईचा पॅड कायम सुकलेला असतो. दोन थेंब पाणी घाला म्हणावं.