पाण्याची भीती, की माणसाची?



या पानावर मी लागण, बेणे आणि खताच्या मात्रा यांविषयी लिहावे, अशी आपली अपेक्षा असणार. यावेळी विषय वेगळा आहे. त्याला कारण माझी स्वतःची एक चूक.

मागे एका उन्हाळ्यात खोडव्याची पाहणी करायला एका सभासदाच्या वस्तीवर गेलो होतो. चहा घेताना त्यांनी गाऱ्हाणे सांगितले. पोरगा दहा वर्षांचा. पोहायला येत होते, पण स्पर्धेत उतरावा म्हणून त्याला तलावावरच्या वर्गाला घातला. पहिला आठवडा उड्या मारत गेला; पुढे रोज सकाळी पोटात दुखते म्हणून रडायला लागला. मी सांगून मोकळा झालो, "खोल पाण्याला भितोय. दोनदा ढकला, भीती मोडेल." ते हसले, मीही हसलो.

खरे म्हणजे उत्तर समोरच होते. त्याच दुपारी तो पोरगा पाठीला डबा न बांधता चुलत्याबरोबर विहिरीत सूर मारत होता. आणि विहीर तर तलावापेक्षा खोल! पुढे आजीने जवळ घेऊन विचारले, तेव्हा उलगडा झाला. वर्ग सुटल्यावर शिकवणारा माणूस त्याला 'जादा सराव' म्हणून एकट्याला थांबवून घेई, आणि घरी सांगायचे नाही असा दम देई. घरच्यांनी पोलिसांत कळवले. मुलाचे नाव-गाव मी लिहिणार नाही. कायद्यानेही ते उघड करता येत नाही.

उसात एखादा पोंगा वाळलेला दिसला, की आपण तो ओढून बघतो. सबंध फड वाळायची वाट बघत नाही. मुलांच्या बाबतीत मात्र आपण "होईल सवय" म्हणतो. पाण्याची भीती असेल, तर बहुधा ती सरावाने कमी होत जाते. मूल दुसरीकडे आनंदाने पोहते आणि एकाच ठिकाणी, एकाच माणसाजवळ जायला नको म्हणते, तेव्हा थांबून विचार करावा. अचानक गप्प होणे, झोपेत दचकणे, कपडे बदलताना घाबरणे, अंगावर न सांगता येणारे वळ असणे, शिकवणाऱ्याकडून खाऊ किंवा वस्तू मिळणे, त्याचे परस्पर फोनवर निरोप येणे, ही चिन्हे ध्यानात ठेवावीत. एका चिन्हावरून कोणाला गुन्हेगार ठरवू नये, पण दुर्लक्षही करू नये. आणि हे फक्त मुलींचेच असते, हा समज सोडून द्या.

पोहायला शिकवताना पोटाखाली, हनुवटीखाली हात द्यावाच लागतो. पण तो मुलाला आधी सांगून, सगळ्यांसमोर. वर्गाला घालण्यापूर्वी विचारा: शिकवणाऱ्याची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी झाली आहे का? पालकांना बसून बघता येते का? कपडे बदलण्याच्या खोलीत फोनला बंदी आहे का? मुलाजवळ एकटाच मोठा माणूस राहू नये, अशी व्यवस्था आहे का? जो चालक या प्रश्नांवर चिडतो, त्याच्याकडे मूल पाठवू नका. शिवीगाळ, मारहाण, किंवा एका माणसावर नको तितकी मुले सोपवणे, अशी तक्रार चालकांकडे लेखी द्या.

मूल काही सांगू लागले, तर शांतपणे ऐका. "तू का गेलास?" असे म्हणू नका. खोदून खोदून विचारू नका, आपले शब्द त्याच्या तोंडी घालू नका. "कुणाला सांगणार नाही" असे वचन देऊ नका. "सांगितलेस ते बरे केलेस" म्हणा. त्याचेच शब्द तारीख घालून लिहून ठेवा. त्या माणसाला जाब विचारायला धावू नका. तो सावध होतो.

लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर 2012 चा पोक्सो कायदा लागू होतो. अठरा वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, गुन्हा घडल्याचे माहीत असेल किंवा घडेल अशी भीती असेल, तर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. गुन्हा माहीत असून न कळवणे, हाही गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखाने दडवले तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही. मुलाचा जबाब घरीही घेता येतो, आणि तो घेणारा पोलीस गणवेशात नसावा असा नियम आहे. 1098 ही बालकांची मदतवाहिनी मोफत आहे, तातडीला 112.

"गावातला माणूस आहे, बसून मिटवू," असे सांगणारे भेटतील. बांधाची भांडणे बसून मिटवा, ही नव्हे. आज मिटवले, की तो माणूस उद्या दुसऱ्या तलावावर दुसऱ्या कुणाच्या पोराला शिकवायला उभा राहतो.

मुलांना पोहायला शिकवाच. आपल्याकडे विहिरी, कालवे, शेततळी आहेत. पोहता येणे हा जिवाचा प्रश्न आहे. फक्त मूल नको म्हणाले, तर मी सांगितले तसे ढकलू नका. आजीने विचारले तसे विचारा.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते