‘मेल सेंट’ या ओळीचा अर्थ
१९९५ साली निघालेल्या ‘मट’ या केवळ अक्षरांच्या पडद्यावर चालणाऱ्या ईमेल प्रोग्रॅममध्ये ‘वाय’ ही कळ दाबताच तळाशी ‘मेल सेंट’ अशी ओळ उमटते, आणि पत्र इच्छित स्थळी पोचले असा जो समज तिच्यामुळे होतो तो निराधार होय; कारण मट सामान्यतः पत्र स्वतः वाहून न नेता आपल्याच संगणकावरील ‘पोस्टफिक्स’सारख्या वाहकाच्या हवाली करतो, आणि त्याने ते दाखल करून घेतले एवढीच ग्वाही ती ओळ देते. पुढे पासवर्ड चुकला, किंवा इंटरनेट पुरवणाऱ्याने २५ क्रमांकाचे पोर्ट बंद ठेवले, की पत्र रांगेत तिष्ठत राहते. पोस्टफिक्स, वेगळी मुदत नेमली नसल्यास, ५ दिवस प्रयत्न करून परतीची सूचना धाडतो. परंतु प्रेषकाचा पत्ता ‘लोकलहोस्ट’ असा राहून गेला असेल, तर ती सूचनाही संगणकातल्याच, सहसा कोणी न उघडणाऱ्या टपालपेटीत जाऊन पडते, आणि हा दोष मला सर्वांत घातक वाटतो. म्हणून प्रथम ‘मेलक्यू’ ही आज्ञा द्यावी. अडलेल्या पत्राच्या नोंदीखाली ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ यासारखे कारण कंसात स्पष्ट लिहिलेले सापडते. रांग रिकामी असल्यास वाहकाच्या नोंदवहीत पलीकडच्या सर्व्हरने २५० या अंकाने पोच दिली आहे काय, याची खातरजमा करावी.