संचालक गेला, नेटचं काय?

गावोगाव इंटरनेट देणारी कंपनी आणि तिचा माजी संचालक भांडू लागले आणि सर्व्हरचे पासवर्ड त्याच्याकडेच राहिले, तर ग्रामपंचायतीतल्या पेटीवरचा हिरवा दिवा विझू शकतो. जमिनीच्या उताऱ्यासाठी आलेल्या आजोबांना मग रिकाम्या हाताने परतावं लागतं.

अशा संचालकाला पदावरून काढायचं कसं, हे २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १६९ सांगतं: भागधारक साध्या बहुमताने संचालकाला हटवू शकतात, पण आधी त्याचं म्हणणं ऐकावंच लागतं.

भांडण चिघळलं तर कंपनी न्यायाधिकरणाकडे दाद मागायची ती कंपनीच्या नोंदणीच्या पत्त्यानुसार: दिल्लीची कंपनी दिल्लीत, गुरुग्रामची चंडीगडला, नोएडाची थेट प्रयागराजला. आणि संचालकाने राजीनामा दिला तरी पदावर असतानाच्या गुन्ह्यांची जबाबदारी सुटत नाही.