उन्हाळा, कादंबरी आणि कामगाराचा वेळ

उन्हाळा आला की वाचनालयाच्या दारावर ‘सुटीतील वाचन’ अशी पाटी लागते, आणि व्याख्यानमालेच्या मांडवात भेटेल तो गृहस्थ म्हणतो, “अहो, वाचायचे पुष्कळ राहून गेले आहे, पण वेळ कोठे मिळतो?” हे वाक्य मी गेली तीस वर्षे ऐकत आलो आहे. मोटारीतून उतरणाऱ्याच्या तोंडून ऐकले आहे, आणि बारा तासांची पाळी संपवून सायकल हातात धरून घरी निघालेल्या माग-कामगाराच्या तोंडूनही ऐकले आहे. शब्द तेच, परंतु पहिल्याचा वेळ त्याच्याच खिशात असतो, दुसऱ्याचा विकला गेलेला असतो. पहिल्याला चार उपदेशाच्या गोष्टी खुशाल सांगाव्यात. दुसऱ्याला ‘वेळ काढला की निघतो’ असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला जेवणाच्या वेळा पाळ म्हणण्यासारखे आहे.

मी साहित्यिक नव्हे. सातवीत शाळा सुटली. पुढचे शिक्षण झाले ते इचलकरंजीच्या यंत्रमागांवर आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा कादंबरीची समीक्षा माझ्याकडून कोणी अपेक्षू नये. कादंबरी वाचायला लागणारा वेळ येतो कोठून, आणि एकाने वाचलेली कादंबरी दहा जणांची कशी होते, एवढेच मला सांगायचे आहे.

वेळ येतो तो भांडणातून. आज रविवारी दुपारी आपण पुस्तक उशाशी घेऊन लवंडतो, तो रविवार गिरणी कामगाराला कोणी आंदण दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि मागणी केली, की आठवड्यातून एक दिवस सुटी द्या आणि दुपारी अर्धा तास विसावा द्या. मागणी एवढीशी, पण ती मान्य व्हायला १८९० चा जून महिना उजाडला. पुढे १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषाचा दिवस बारा तासांचा ठरवला, १९२२ च्या कायद्याने अकरा तासांचा आणि आठवडा साठ तासांचा. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कारखाने कायद्यात आठवड्याला ४८ तास ही मर्यादा आली. शिवाय वर्षात २४० दिवस भरणाऱ्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा आली. कामगार वैशाखात रजा टाकून गावी जाऊ लागला, आंब्याखाली चार दिवस पाठ टेकू लागला, ती याच कलमाच्या आधाराने. माझ्या मते मराठी कादंबरीच्या इतिहासात या कलमाला एक लहानसे प्रकरण द्यायला हरकत नाही.

अर्थात कायदा पुस्तकात असतो आणि माग शेडमध्ये असतात. वीज वापरणाऱ्या कारखान्यात दहा माणसे असली की हा कायदा लागू होई. म्हणून एकाच छपराखाली मध्ये भिंत घालून दोन नावे लावण्याची युक्ती आमच्या धंद्यात फार जुनी. मी ज्या शेडमध्ये लागलो तेथे सकाळी आठ ते रात्री आठ अशी पाळी होती. रजा म्हणजे बिनपगारी गैरहजेरी, एवढाच अर्थ मला ठाऊक होता.

तेथेच मला पहिली कादंबरी मिळाली. शेडमध्ये वहिफणीचे काम करणारे एक वयस्क गृहस्थ होते. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणत असू. त्यांनी मुलासाठी बाजारातून अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ आणली होती, पण मुलगा पुस्तकाला शिवेना. एके दिवशी मामा मला म्हणाले, “तुला वाचाय येतंय नव्हं? मग हे घेऊन जा. पण असंच परत आणायचं न्हाई. गोष्ट सांगायची मला.” मामांना अक्षरओळख नव्हती. रात्री मी वाचायचो आणि सकाळी पाळी सुरू होण्याआधी, चहाच्या गाड्याशी, त्यांना सांगायचो. सांगायचे आहे म्हणून वाचताना झोप येत नसे, हा शोध मला तेव्हा लागला. आणि दुसरा असा, की जे आपल्याला नीट सांगता येत नाही ते आपण नीट वाचलेलेच नसते. मामा मध्येच अडवायचे, “थांब, ह्यो माणूस काल दुसरंच बोलत होता की!” आणि मला मागची पाने पुन्हा उलटावी लागत.

मामांची ही रीत काही जगावेगळी नव्हती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. क्यूबा बेटावर हवाना शहरात चिरूट वळण्याचे मोठे कारखाने आहेत. तेथे १८६५ साली एक प्रथा सुरू झाली. कामगार रांगेने बसून पाने वळीत आहेत, आणि एका उंच चौथऱ्यावर बसलेला वाचक मोठ्याने वाचतो आहे. वाचकाचा पगार मालक देत नसे. कामगार आपसांत वर्गणी काढून देत. सकाळी वर्तमानपत्र, आणि मग कादंबरी. कोणती कादंबरी घ्यायची ते कामगार मते टाकून ठरवीत. ह्यूगो, ड्यूमा, झोला, सर्व्हांटिस असे लेखक, ज्यांची नावे आपल्याकडे पदवीधराच्या तोंडी असतात, ते या निरक्षर माणसांच्या रोजच्या बोलण्यात आले. वाचन आवडले की पाने कापायची सुरी पाटावर ठकठक वाजवायची, हीच टाळी. ‘माँटेक्रिस्टो’ नावाचा प्रसिद्ध चिरूट आहे. त्याचे नाव ड्यूमाच्या कादंबरीवरून पडले.

सत्तेला मात्र ही ठकठक सहन झाली नाही. वर्ष उलटले नाही तोच, १८६६ च्या मे महिन्यात, तेथल्या स्पॅनिश राज्यपालाने कारखान्यातील वाचनावर बंदी घातली. कामगारांचे लक्ष कामावरून उडते, असे कारण सांगितले गेले. वळणाऱ्याची बोटे अडत नव्हती. भय होते ते कानांतून आत जाणाऱ्या गोष्टींचे. पुढे प्रथा पुन्हा सुरू झाली, आणि क्यूबातून गेलेल्या कामगारांबरोबर अमेरिकेतल्या टँपा शहरापर्यंत पोहोचली. तेथे १९३१ साली मालकांनी वाचकांचे चौथरे काढून टाकले. कामगारांनी संप केला, पण तो फसला, आणि चौथऱ्याच्या जागी रेडिओ आले. मी अनेक संपांचे इतिहास वाचले आहेत, काही स्वतः लढवले आहेत, त्यांतले काही हरलोही आहे. पण गोष्ट ऐकण्याच्या हक्कासाठी झालेला संप वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसलो. हवानात ही प्रथा अजून टिकून आहे.

आपल्या देशातही केरळात कण्णूरच्या बाजूला विडी कामगारांत अशीच रीत होती. एकाने वाचायचे, बाकीच्यांनी वळायचे, आणि वाचणाऱ्याच्या वाटच्या विड्या इतरांनी भरून द्यायच्या. विडी कामगारांसाठी १९६६ चा कायदा झाला आणि त्याच्या अंमलाची वेळ येताच तेथल्या काही मालकांनी कारखाने बंद केले. तेव्हा बेकार झालेल्यांनी १९६९ साली ‘दिनेश’ नावाची सहकारी संस्था उभारली, आणि तिच्या शेडमध्येही वाचक बसला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चिरूट आणि विडी ही दोन्ही मुक्या हातांची कामे आहेत. हात गुंतलेले, पण कान मोकळे. यंत्रमागाच्या शेडमध्ये शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. आम्ही ओठ आणि बोटे पाहून बोलतो. धोट्याच्या खडखडाटापुढे ह्यूगोचे काय चालणार? मी मनाशी म्हणे, ही प्रथा आपल्या नशिबी नाही.

ती नशिबी आणली भारनियमनाने! २००५ ते २००८ ही वर्षे महाराष्ट्राने विजेच्या टंचाईत काढली. भर उन्हाळ्यात तास-दोन तास वीज जाई, माग एकदम थांबत, आणि कानांना दडा बसावा अशी शांतता पसरे. माणसे शेडबाहेर सावलीला येऊन बसत. मी तोवर युनियनचे काम पूर्णवेळ करू लागलो होतो. मजुरी कापडावर, वीज नाही तर कापड नाही, कापड नाही तर मजुरी नाही. तेव्हा ती काही फुरसत नव्हती, ती तासातासाने येणारी बेकारीच होती. त्या तासांची भरपाई मिळावी म्हणून मी अर्ज लिहीत होतो, आणि त्याच तासांत पिशवीतून कादंबरी काढून वाचून दाखवीत होतो. यात विसंगती होती, हे मी कबूल करतो.

प्रारंभ अर्थातच ‘फकिरा’ने केला. मामा तेव्हा हयात नव्हते. दुष्काळात फकिरा धान्य लुटून भुकेल्यांना वाटतो, त्या प्रसंगावर जो वाद झाला तसा आमच्या कार्यकारिणीतही कधी झाला नाही. एक म्हणाला, लूट ती लूटच. दुसरा म्हणाला, कोठारात कुजणारे धान्य हीच खरी लूट. आमच्या खजिनदारांनी शांतपणे विचारले, “वाटप बरोबर झालं का? कुणाला किती दिलं ते लिहिलंय का त्यात?” ‘बनगरवाडी’ला वाद झाला नाही, दुष्काळाने माणसे गाव सोडून निघतात तेथे सगळे खाली पाहत बसले. त्यांतले बरेच जण स्वतःच तसे गाव सोडून आलेले होते. बिहारकडच्या दोन पोरांना मराठी नीट कळेना. त्यांच्यासाठी प्रेमचंदांचे ‘गोदान’ आणले. माझे हिंदी ऐकून ती पोरे हसत, पण होरीची गाय आली की हसणे थांबे.

एक पुस्तक मात्र फसले. ‘ययाति’ ही खांडेकरांची मोठी कादंबरी, मला स्वतःला फार प्रिय. पण तिच्यात माणसे स्वतःशीच पुष्कळ बोलतात. उन्हाच्या झळांत दहाव्या मिनिटाला निम्मे श्रोते घोरू लागले. ती एकट्याने, रात्री वाचायची कादंबरी आहे. मोठ्याने वाचायला संवाद असलेली, लहान प्रकरणांची कादंबरी घ्यावी. एक पान वाचायला मला साधारण अडीच मिनिटे लागतात; अर्ध्या तासात बारा पाने होतात. दीडशे पानांची कादंबरी दोन आठवड्यांत हातावेगळी होते, मध्ये एखादा दिवस भांडणात गेला तरी. आता कानाला यंत्र लावून कादंबरी ऐकण्याची सोय झाली आहे. ती वाईट नाही. पण त्या यंत्राला मध्येच थांबवून “काल तू दुसरंच बोलत होतास” असे म्हणता येत नाही.

सर्वांत कमी वेळ कोणाला, असे मला विचाराल तर मी कांडीवर काम करणाऱ्या बाईचे नाव घेईन. तिची पहिली पाळी शेडमध्ये, दुसरी चुलीपाशी. पण उन्हाळ्यात तिच्याही वाट्याला हात गुंतलेले आणि कान मोकळे असे तास येतात. आमच्या गल्लीत वैशाखात सात-आठ घरच्या बाया मिळून पापड लाटतात. एका वर्षी माझ्या सांगण्यावरून गल्लीतल्या एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीने तेथे उद्धव शेळक्यांची ‘धग’ वाचायला घेतली. वऱ्हाडची भाषा, त्यामुळे आरंभी बाया हसल्या. मग कौतिकचे हाल सुरू झाले आणि लाटण्यांचा आवाज कमी झाला. पीठ सुकू लागले म्हणून एका आजीबाईंनी सगळ्यांना दटावलेही. नवऱ्याच्या आजारपणाचा भाग आला तेव्हा कांडीवर जाणारी एक बाई पदराला हात पुसून उठली आणि काही न बोलता घरी गेली. तिचा नवरा छातीच्या दुखण्याने वर्षभर अंथरुणाला खिळून होता.

त्याच दिवशी संध्याकाळी ती नवऱ्याच्या औषधांच्या बिलांचे कागद घेऊन कचेरीत आली. कागद पाहून झाले, अर्ज लिहून झाला, तिने अंगठा केला. दारापर्यंत गेली आणि थांबली.

“दादा, त्या कौतिकचं पुढं काय झालं?”

“उद्या पोरगी वाचणार आहे की. या ऐकायला.”

“उद्या पाळी हाय माझी.”

माझी स्वतःची प्रत कपाटात होती, ती काढली. ती कोठे उठून गेली होती ते विचारून पान शोधले, आणि कचेरीच्या पायरीवर दिव्याखाली बसून तेथून पुढे वाचायला घेतले. घरी भाकरी टाकायची होती म्हणून ती नऊला उठली. तोवर चौदा पाने झाली होती.