जहाज नसलेला कप्तान

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्रात घुसलेला कॉर्नवॉल नावाचा चिंचोळा प्रदेश आहे. एकोणिसाव्या शतकात तिथले खाणकामगार बायकापोरांसह ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत, मेक्सिकोत, दक्षिण आफ्रिकेत गेले, आणि आज त्यांचे वंशज आपलं मूळ शोधत असतात. ‘आमचे खापरपणजोबा कप्तान होते’ असं घरात सांगितलं जात असेल, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जहाज उभं राहतं. मग बंदरांच्या नोंदी चाळल्या जातात, नौदलाच्या याद्या धुंडाळल्या जातात, आणि हाती काही लागलं नाही की गोष्टच थापेबाजी ठरते. प्रत्यक्षात कॉर्निश खाणीत ‘कॅप्टन’ म्हणजे कामगारांवर देखरेख करणारा, खडकातली धातूची शीर ओळखणारा, कोणत्या जागेच्या कामाला काय दर द्यायचा ते ठरवणारा माणूस. आपल्या गिरणीतल्या जॉबरच्या वरचा, मालकाच्या खालचा. हा हुद्दा नावाला जन्मभर चिकटायचा. नातवंडांनी हुद्दा जपला, खाण विसरली, आणि मोकळ्या झालेल्या जागेत जहाज येऊन बसलं.

या एका गैरसमजात शोधाची सगळी पद्धत दडलेली आहे असं मला वाटतं. घरच्या गोष्टीत सर्वांत आधी गळतं ते गावाचं नाव. परदेशात जन्मलेल्या मुलाला आजोबांचं गाव म्हणजे नुसता एक आवाज; तो आवाज दोन पिढ्यांत झिजतो, किंवा जवळच्या मोठ्या शहराच्या, नाहीतर जहाज सुटलं त्या बंदराच्या नावात विरघळून जातो. काम मात्र डोळ्यांनी पाहिलेलं असतं. टोपीवर ओल्या मातीच्या गोळ्यात रोवलेली मेणबत्ती, आजीने लहानपणी खाणीच्या तोंडाशी बसून हातोड्याने फोडलेलं खनिज, मक्ता ‘बोलून’ घेण्याची पद्धत, हे सगळं तपशिलासकट पुढे येतं. म्हणून वंशजाने गोष्टीला ‘कुठून आलात?’ असं आधी विचारू नये. ‘काय करत होतात?’ असं विचारावं, आणि मिळालेलं उत्तर त्या प्रदेशातल्या उद्योगाच्या नकाशावर ठेवून पाहावं.

मराठी वाचकाला हा द्राविडी प्राणायाम वाटेल, कारण आपल्या डोळ्यांपुढे मॉरिशसचं उदाहरण असतं. 1834 पासून तिथे करारावर गेलेल्या भारतीय मजुरांत कोकणातले मराठी लोकही होते. त्या मजुरांच्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत: क्रमांक, बापाचं नाव, जात, जिल्हा, गाव, पुढच्या काळात छायाचित्रसुद्धा. पण ही काळजी मजुराच्या प्रेमापोटी घेतलेली नव्हती. करारात बांधलेला माणूस मळ्यातून पळाला तर ओळखू यायला हवा, म्हणून त्याचं गाव कागदावर आलं. कॉर्निश खाणकामगार मोकळा होता आणि त्याच्या गावाशी कुणालाच कर्तव्य नव्हतं. जहाजाच्या यादीत पुष्कळदा ‘खाणकामगार’ आणि वय, एवढ्यावरच त्याची बोळवण झालेली असते. वंशजाचं दुर्दैव असं की पूर्वजाचं स्वातंत्र्यच त्याच्या आड येतं.

तरी ‘खाणकामगार’ हा शब्द वाटतो तितका मोघम नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगातलं सुमारे दोन तृतीयांश तांबं कॉर्नवॉल आणि शेजारच्या पश्चिम डेव्हनमधून निघत होतं, पण प्रत्येक भागाचा धंदा वेगळा होता. ग्वेनॅपच्या आसपास तांबं, पश्चिमेला सेंट जस्टच्या कड्यांवर मुख्यतः कथील, सेंट ऑस्टेलजवळ चिनी माती, डेलाबोलला पाटीचा दगड. घरची गोष्ट ‘शिशाची खाण’ असं म्हणत असेल, तर नकाशा एकदम आक्रसतो. त्यातही समजा गोष्ट अशी आहे: ‘ढगफुटी झाली, पाणी खाणीत घुसलं, थोरला भाऊ बुडाला, आणि धाकट्याने देश सोडला.’ 9 जुलै 1846 रोजी सेंट न्यूलिन ईस्ट इथल्या ईस्ट व्हील रोझ या शिशाच्या खाणीत वादळी पावसाचं पाणी शिरून 39 जण मेले. अशा गोष्टीत गावाचं नाव नसेल, सालही चुकलेलं असेल, पण शिसं आणि पाऊस एकत्र आले की तपासायचं दफनपुस्तक कोणतं ते कळतं. (जाता जाता: ‘व्हील’ म्हणजे जुन्या कॉर्निश भाषेत काम, खाण. इंग्रजी कानाला ते चाक वाटतं. ‘आजोबा चाकावर होते’ असं कुणी सांगत असेल तर कुंभार शोधायला निघण्याआधी थांबावं.)

माणूस पोचला कुठे, त्यावरूनही तो निघाला कुठून याचा माग लागतो, कारण खाणमालक ओळखीच्या मुलखातूनच माणसं उचलत. जॉन टेलर हा खाणउद्योजक 1819 पासून ग्वेनॅपच्या कन्सॉलिडेटेड माइन्सचा कारभार पाहत होता. 1824 मध्ये मेक्सिकोतल्या रेआल देल मोंतेच्या चांदीच्या खाणींसाठी निघालेल्या कंपनीमागेही तोच होता. तिथे गेलेल्यांचा मोठा भरणा ग्वेनॅप, रेडरूथ, कॅम्बोर्न याच पट्ट्यातला. त्यांनी नेलेली मांस-बटाट्याची करंजी तिथे आजही ‘पास्ते’ म्हणून विकली जाते. पुढे 1880 मध्ये त्याच घराण्याच्या जॉन टेलर अँड सन्सने आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींत पाय रोवला, आणि कॉर्निश कप्तान कर्नाटकात पोचले. ऑस्ट्रेलियातल्या बर्राचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. तिथे 1845 मध्ये तांबं सापडलं. खाणीत उतरले कॉर्निश, भट्टी सांभाळली वेल्श लोकांनी, आणि शेजारी वस्त्या उभ्या राहिल्या त्यांची नावं पाहा: रेडरूथ, लुखुर, अॅबरडीन. कॉर्निश, वेल्श, स्कॉटिश. त्यामुळे घरचे ‘आम्ही कॉर्नवॉलचे’ म्हणत असले आणि पूर्वज भट्टीवर तांबं वितळवत होता असंही सांगत असले, तर आधी वेल्समधल्या स्वान्झीकडे बघणं शहाणपणाचं.

आडनावावर भिस्त ठेवणाऱ्यांना ही वाट लांबची वाटते. ट्रे, पोल, पेन अशा अक्षरांनी सुरू होणारी कॉर्निश आडनावं मूळ वाडीची, तळ्याची, टेकडीची असतात; मग थेट ती वाडीच का शोधू नये? आपल्याकडचा ‘कर’ आठवावा. पुण्यात पाच पिढ्या काढलेले ‘चिपळूणकर’ चिपळूणहून आलेले असतात, पण पणजोबाचा जन्म चिपळूणचा असेलच असं नाही. आडनाव फार जुनं उत्तर देतं आणि आपला प्रश्न 1850 चा असतो. डीएनए तपासणीचंही तेच: ती दूरचे चुलतभाऊ गोळा करून देते, पण त्यांच्यापैकी एकाला तरी आपलं गाव ठाऊक असावं लागतं. यापेक्षा वजनदार आक्षेप असा की यादीतलं ‘खाणकामगार’ हेच खोटं असू शकतं. वसाहतींना ज्या कामाची माणसं हवी असत त्यांना प्रवासभाड्यात सवलत मिळे, आणि सवलतीसाठी कोण काय सांगेल याचा नेम नाही. हे खरंच आहे. म्हणून यादी एकटी पुरत नाही आणि गोष्टही एकटी पुरत नाही. सवलतीपुरता खाणकामगार झालेला शेतमजूर नातवंडांना मेणबत्ती आणि मक्त्याचे तपशील सांगणार नाही.

राहिला सर्वांत अवघड आक्षेप: खाणकामगार एका जागी टिकतच नव्हता. 1836 मध्ये पूर्वेला साउथ कॅरडनला तांबं लागलं, 1844 मध्ये टॅव्हिस्टॉकजवळ डेव्हन ग्रेट कन्सोल्सला. पश्चिमेची माणसं तिकडे वळली. 1866 मध्ये तांब्याचा भाव कोसळला, खाणी पटापट बंद पडल्या, आणि मग समुद्रापलीकडे जाणाऱ्यांची रीघ लागली. निघाला त्या गावी पूर्वज उपराच असेल, तर उद्योगावरून सापडलेलं गाव चुकीचं ठरणार नाही का? गावाचा शोध तिथेच संपवला तर ठरेल. पण ही भटकंती स्वतःच नोंदलेली आहे. 1841 च्या जनगणनेत माणूस त्याच परगण्यात जन्मला की नाही एवढंच लिहिलं जाई. 1851 पासून जन्माचा पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीतलं गाव, लिहू लागले. त्या पानावर टॅव्हिस्टॉकमधलं एखादं खाणकामगाराचं घर उघडावं. बाप आणि आई ग्वेनॅपची, थोरली मुलगी ग्वेनॅपची, मधले दोघे साउथ कॅरडनजवळच्या सेंट क्लिअरचे, धाकटा टॅव्हिस्टॉकचा. पोरांच्या जन्मगावांनी बापाच्या नोकऱ्यांची यादी लिहून ठेवलेली असते. मग ग्वेनॅपचं बाप्तिस्मा-पुस्तक मागवायचं, आणि तिथे नाव नसेल तर मेथडिस्ट या वेगळ्या ख्रिस्ती पंथाच्या चॅपलचं, कारण खाणकामगारांत मेथडिस्ट पुष्कळ. ही पुस्तकं आता रेडरूथमध्ये, जुन्या दारूभट्टीच्या इमारतीत 2019 साली उघडलेल्या क्रेसेन कर्नो या अभिलेखागारात शोधता येतात. तिथल्या पानांवर एकाच नावाचे तीन-तीन विल्यम थॉमस भेटतात, आणि त्यांतला आपला कोणता हे ठरवताना, त्यांतला कप्तान कोण झाला होता, हा प्रश्न पुन्हा उपयोगी पडतो.