बातमीखाली नाव कोणाचे?

बोईसर स्टेशनवर पहाटे चर्चगेटच्या गाडीची वाट पाहणाऱ्या मंडळींकडे एकदा नीट पाहावे. पूर्वी एकाच वर्तमानपत्राची पाने चौघांत फिरत. आता चौघांच्या हाती चार मोबाइल आणि चौघांची बातमी निराळी! एकाला क्रिकेट, दुसऱ्याला सोन्याचा भाव, तिसऱ्याला नटनट्यांची भांडणे. ज्या मजकुरावर आपले बोट रेंगाळते, तसलाच मजकूर यंत्र पुन्हा पुढे करते. तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याची बातमी ज्याने कधी उघडली नाही, त्याच्यापुढे ती बहुधा येतच नाही. सांडपाणी मात्र त्याच्याही गावच्या खाडीत जाते!

लोकांना हे यंत्र आवडते, हेही खरे. ऑक्सफर्डच्या रॉयटर्स संस्थेने २०१६ साली २६ देशांत पाहणी केली. आपल्या आधीच्या वाचनावरून यंत्राने बातम्या निवडाव्यात, याला ३६ टक्क्यांनी पसंती दिली. संपादकांच्या निवडीला ३० टक्क्यांनी. संपादकाला मालक असतो, जाहिरातदार असतात, स्वतःची मतेही असतात. तेव्हा वाचक बिचकला तर नवल नाही.

पण बातमी खोटी ठरली तर जाब कोणाला विचारायचा? कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्धच्या पत्रांवर विसंबून मजकूर छापल्याबद्दल १८८२ साली टिळक आणि आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहिले. पत्रे बनावट निघाली; पण छापणारी माणसे नावानिशी समोर उभी होती.

आता आपल्या पालघर जिल्ह्यातले पाहा. १६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक यांना ठार मारले. त्याआधी त्या भागात चोरांच्या आणि मुले पळवणाऱ्यांच्या अफवा पसरल्या होत्या. मोबाइलवरूनही त्या फिरत होत्या. तिथे निवड यंत्राचीही नव्हती; माणसांनीच निरोप पुढे ढकलले. पण अशा निरोपाखाली कोणा संपादकाचे नाव नसते, आणि यंत्राने वाढलेल्या ताटातही वाढप्याचे नाव नसते.

म्हणून या दिवाळीत घरातील मुलांना, आणि हो, आजोबांनाही, एक सवय लावावी. बातमी वाचली की ती कोणाच्या नावाने आली ते पाहावे. नाव असेल तर त्याला खरमरीत पत्र लिहिता येते. नाव नसेल तर निदान आपल्या हाताने ती पुढे पाठवू नये.